उचलंल तेवढंच आपलं

आक्कांच्या घरी पाहुण्याला ताजी भाकरी मिळत नसे. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी आक्का चुलीपुढं बसत आणि दुपार होईपर्यंत ज्वारीच्या पातळ, कडक भाकरींची चळत लावत. लिंगायतांच्या घरची ही कडक भाकरी महिना महिना टिकते, आणि शेंगाची चटणी नि दही असलं तर चवीलाही काही वाईट नसते. पण आक्कांचा हिशेब निराळाच होता. ती ताजी चळत फडक्यात बांधून सरळ गठुड्यात जायची, आणि गठुड्यात महिनाभर राहिलेली जुनी भाकरी बाहेर काढून ताटात यायची. पुढच्या अमावास्येपर्यंत घरातल्यांनी तीच खायची. असं ते चक्र कितीतरी वर्षं चालू होतं. एकदा जंगम स्वामी त्यांच्याकडं जेवायला आले. लिंगायतांच्यात जंगमाचा मान केवढा मोठा! पण त्यांनाही आक्कांनी गठुड्यातलीच भाकरी वाढली. ती चावताना स्वामींचा आधीच हलत असलेला दात हातात आला. दुसरी एखादी बाई लाजेनं मेली असती. आक्का म्हणाल्या, “बरं झालं स्वामी. हलता दात वाटंला लागल्यावर लई तरास देतो. बसल्या जागी निघाला.”

वाटेला लागणं हा त्यांचा जन्माचा विषय होता. गंमत अशी की बाई वर्षानुवर्षं ईट गावच्या शिवेबाहेर गेलेल्या नव्हत्या.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी लेकराला घेऊन मी ईटला आले ती त्यांची भाडेकरू म्हणून. माझं माहेर कळंब. माझे यजमान ईटच्या शाळेत मास्तर होते. राज्य निजामाचं, शाळा उर्दूची, पगार कधी वेळेवर तर कधी नाही. आक्कांच्या माळवदाच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या होत्या. घर तसं मजबूत होतं, फक्त पावसाळ्यात माळवद गळायचं आणि आम्ही पातेली घेऊन धावायचो. आक्का ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पन्नाशीच्या पुढच्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. माहेर त्यांचं माकणीकडचं, त्यामुळं बोलण्यात मधेच एखादा कानडी शब्द येई. मला मास्तरीणबाई म्हणायच्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “बाई, तुमचं गठुडं कुठं हाय?”

मला वाटलं, बोहारणीला द्यायचे जुने कपडे मागतायत. मी तसं म्हणताच त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला आपण बिनदाराच्या घरात राहतोय असं वाटायला लागलं. मग त्यांनी मला त्यांचं गठुडं दाखवलं. ते दाराजवळच्या खुंटीला असायचं, म्हणजे बाहेर पळताना वाकावं लागू नये. आत भाकरी, चटणी, मीठ, गुळाचा खडा. पाण्यासाठी एकच तांब्या, त्याच्या गळ्याला आडात सोडण्याइतका दोर. काडेपेटी नाही, तिच्या जागी चकमक आणि गारगोटी, कारण काडी भिजते, गारगोटी भिजत नाही. हळद, एक जुनं धोतर, विभूतीचा गोळा. आणि पिशवीभर ज्वारीचं बी. हे बी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “माघारी आल्यावर पेरायला काय तुमी देनार?” दागिना मात्र एकही नव्हता.

मग माझं गठुडं बांधण्याचा कार्यक्रम झाला. मी हौसेनं बांधून नेलं आणि त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. लग्नातला शालू गेला. पितळेचा करंडा गेला. यजमानांची पुस्तकं तर त्यांनी दोन बोटांनी धरून बाजूला ठेवली. देव्हाऱ्यातले पाच देव मी डब्यात घालून आणले होते, ते पाहून त्या हसल्या. “आमचा देव गळ्यात हाय, त्याला उचलावं लागत न्हाय. तुमी पाचातला येक न्या. घाई असली की देवबी समजून घेतो.”

राहिलेलं गठुडं डोक्यावर आणि माझी वर्षाची मुलगी काखेत देऊन त्यांनी मला घरापासून बारवेपर्यंत चालायला लावलं. बारवेच्या पायऱ्या उतरून वर यायचं आणि परत घरी. मला धाप लागली की गठुड्यातलं आणखी काहीतरी कमी व्हायचं. “येक हात लेकराचा, येक हात वाटंचा,” त्या म्हणत, “गठुड्याला तिसरा हात कुठनं आननार?” गावातल्या बायका बारवेवर धुणं धुताना आम्हाला पाहून फिदीफिदी हसत. मीही रात्री यजमानांना आक्कांची नक्कल करून दाखवायची. तेव्हा हसू येत होतं, कारण अजून काही झालेलं नव्हतं.

त्यांच्या या वेडाला कारण होतं. त्या लहान असताना माकणीकडं गाठीचा ताप आला. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि शेतात खोपी घालून राहायचं, अशी त्या काळी रीतच होती. आक्कांच्या घरचेही शेतात गेले. खोपीत आल्यावर आईच्या लक्षात आलं की तांब्याची मोठी घागर घरीच राहिली. आहेराची घागर. आई ती आणायला माघारी गेली. घागर घेऊन आली आणि दोन दिवसांत काखेत गाठ येऊन वारली. ही हकीकत आक्कांनी मला एकदाच सांगितली, तीही शेंगा फोडता फोडता, आणि शेवटी म्हणाल्या, “घागर लई जड व्हती. तिला उचलत नव्हती. उचलंल तेवढंच आपलं, बाई. बाकीचं आपलं न्हवंच.”

हे वाक्य त्या दिवसातून कितीदा म्हणायच्या याला गणती नव्हती. पाट्याला म्हणायच्या, जात्याला म्हणायच्या, शेजारणीनं नवं कपाट केलं तर तिलाही ऐकवायच्या. आणि प्रत्येक वेळी सोप्यात बाजेवर पडलेले अप्पा ते ऐकायचे.

अप्पा म्हणजे त्यांचे मालक. त्यांची धान्याची अडत होती. कळंबच्या मोंढ्यात माझ्या वडलांनी त्यांना पाहिलेलं होतं. वडील सांगायचे, की काय तो देह! गादीवर बसले की दुसऱ्या माणसाला तक्क्याला टेकायला जागा उरायची नाही. आता त्यांची उजवी बाजू वारं जाऊन लुळी पडली होती. जीभ थोडी जड झाली होती, पण बोलणं समजायचं. देह मात्र तेवढाच राहिला होता. सकाळी त्यांना उठवून बसवायला शेजारून त्यांचा पुतण्या आणि शेतावरचा गडी यायचे आणि दोघंही घामाघूम व्हायचे. मूलबाळ नव्हतं. आक्का त्यांचं सगळं करायच्या, न्हाऊ घालण्यापासून विभूती लावण्यापर्यंत. पण आक्का तिकडं “उचलंल तेवढंच आपलं” म्हणाल्या की अप्पा हळूच तोंड भिंतीकडं वळवायचे. ते मी पाहिलं आणि मग मला नक्कल करण्यात मजा वाटेना.

गठुड्यात अप्पांचं धोतर होतं. पण अप्पांना कोण नेणार, हे कुणी बोलत नव्हतं.

पुढं दिवस फिरले. तिकडं देश स्वतंत्र झाला, ती खबर आम्ही दबक्या आवाजात एकमेकांना सांगितली. आमचा मुलूख निजामाकडंच राहिला. खर्ड्याच्या बाजूला हद्द, पलीकडं स्वराज्य आणि अलीकडं आम्ही. मग लुटालुटीच्या टोळ्या फिरू लागल्या. आज या गावची गंजी पेटवली, उद्या त्या गावचा मोंढा लुटला, अशा बातम्या रोज यायच्या. खरी कुठली आणि खोटी कुठली ते कळायचं नाही. शाळेत पोरं येईनाशी झाली. बारवेवर हसणाऱ्या बायका एकेक करून आक्कांच्या ओसरीवर येऊन बसू लागल्या. गठुडं कसं बांधायचं, भाकरी किती दिवस टिकते, तान्ह्या मुलाला वाटेत रडू येऊ नये म्हणून काय करायचं. आक्का सगळ्यांना सांगायच्या. मी मुलीच्या पायातले वाळे काढून टाकले. झोपताना आम्ही सगळे चपला उशाशी, दाराकडं तोंड करून ठेवायला लागलो. घरात भांडं जरी पडलं तरी मी गठुड्याकडं धावायची.

एके दिवशी दुपारी भूमच्या रस्त्याला धुळीचा लोट उठला. कुणीतरी ओरडलं आणि आक्कांनी खुंटीवरचं गठुडं काढलं. आमची अख्खी आळी मागच्या दारानं ज्वारीच्या शेतात पळाली. ज्वारी डोक्याएवढी होती. मी मुलीला छातीशी दाबून बसले होते. सगळे गप्प. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं आणि मी आक्कांच्या कानाशी म्हटलं, “आक्का, अप्पा?”

 आक्कांनी ज्वारीचं एक धांड धरलं होतं, ते त्या मुठीत चुरगाळत होत्या. त्यांचा चेहरा मी तसा त्याआधी कधी पाहिला नव्हता. मग गठुड्याची गाठ त्या पुन्हा सोडत आणि पुन्हा बांधत होत्या, आणि दर वेळी ती गाठ चुकत होती.

धूळ उडाली होती ती मेंढरांची. धनगरांचा कळप होता. दिवस कलल्यावर आम्ही माघारी आलो तर पुढचं दार सताड उघडं, सोप्यात बाजेवर अप्पा, आणि त्यांच्या पायांवर आक्कांच्या दोन कोंबड्या निवांत बसलेल्या. त्यांना हाकलायलाही अप्पांचा हात तिथवर पोचत नव्हता. आम्हाला बघून ते म्हणाले, “आलात? लवकर आलात.”

कुणालाच हसू आलं नाही. आक्कांनी कोंबड्या हाकलल्या, त्यांचं धोतर बदललं आणि चुलीपुढं जाऊन बसल्या. त्या संध्याकाळी ती दोघं कानडीत खूप वेळ बोलत होती. माझ्यासमोर बोलायचं नसलं की ती कानडीत बोलायची.

त्यानंतर दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे आक्का दुपारी आमच्या मागच्या अंगणात पाठीवर पोतं घेऊन फिरायला लागल्या. लमाणांच्या तांड्यावरच्या एका बाईकडून त्यांनी झोळीची गाठ शिकून घेतली होती, लुगडं खांद्यावरून आणि कमरेवरून आवळून पाठीवर ओझं बांधायची. पोत्यात ज्वारी. सुरुवातीला थोडी, मग रोज मापानं थोडी वाढवत. तुळशीपासून गोठ्यापर्यंत आणि परत. गुडघे करकरायचे ते मला आत ऐकू यायचं. दुसरी गोष्ट म्हणजे अप्पांच्या ताटात अर्धीच भाकरी दिसू लागली. मग अर्धीचीही चतकोर झाली. ताकाची आंबील तेवढी देत.

मी काय समजले ते सांगायलाच नको. जी बाई जाताना पोतंभर धान्य सोबत न्यायची तयारी करते आणि नवऱ्याच्या तोंडचा घास काढते, तिच्याबद्दल कुणीही तेच समजलं असतं. यजमान म्हणाले, “नवरा-बायकोच्या मधे पडू नकोस.” पण मला राहवेना. आक्का शेतावर गेलेल्या पाहून मी गरम भाकरी केली, दुधात गूळ घालून कुस्करली आणि वाटी घेऊन अप्पांपाशी गेले.

अप्पांनी वाटीकडं पाहिलं. वास त्यांच्या नाकाशी गेला असणार, कारण त्यांनी आवंढा गिळला.

“न्हाय बाई. माघारी न्या.”

“आक्का घरात नाहीत, अप्पा.”

“ती नसली म्हनून काय झालं? वजन तर माझंच हाय.”

मला उलगडेना. तेव्हा ते त्यांच्या त्या जड जिभेनं, थांबत थांबत, मला समजावून सांगू लागले. जन्मभर काट्यावर बसलेला माणूस, हिशेब कसा सांगावा ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. “तिकडं पोतं चढायलंय, हिकडं म्या उतरायलोय. दोन्ही पारडी येक झाली की झालं. मग मला घेऊन जाता येईल तिला. म्याच म्हनलं तिला, मला हलका कर.”

मी वाटी घेऊन परत आले आणि ती भाकरी मुलीला भरवली.  अप्पांनी संध्याकाळी हे सगळं आक्कांना सांगूनही टाकलं, त्या दोघांत लपवाछपवी नव्हतीच.  मग मीच विषय काढला. “आक्का, अशानं माणूस मरेल.”

“मरनार तर सगळेच हायत,” त्या पोत्याची गाठ आवळत म्हणाल्या. “मागं राहून मरू नयेत, येवढंच.”

“अहो, पण बाज आहे, माणसं आहेत. मास्तर आहेत, तुमचा पुतण्या आहे. चौघं मिळून नेतील.”

“त्या दिशी ज्याला त्याला आपलं म्हातारं आन आपलं लेकरू असतंय, बाई. दुसऱ्याच्या खांद्यावर भरवसा ठिवून म्या घरात बसू का?”

मला राग आला. आणि खरंच पंधरवड्याच्या आत पुतण्या बायकापोरांना घेऊन हद्दीपलीकडं निघून गेला. जाताना त्यानं अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके दिले, पण गेला. गडीही यायचा बंद झाला. गाडीचा विचार करायची सोय नव्हती. सडकेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, तिथं गाड्या अडवून झडती होत होती, आणि पाऊस सुरू झाल्यावर शेतातल्या काळ्या चिखलात गाडी चालत नाही. जायचं तर आडवाटेनं, पायी.

मग सगळ्या घराचा जीव त्या दोन पारड्यांवर टांगला गेला. पोतं वाढत होतं, अप्पा कमी होत होते. गालफडं आत गेली, गळ्याची कातडी लोंबली, एकेकाळी तक्क्याला जागा न ठेवणारा माणूस बाजेच्या एका कडेला मावू लागला. ते कधी तक्रार करत नसत. आक्का वाढायला बसल्या की स्वतःच डावा हात आडवा धरून म्हणायचे, “साकु.” साकु म्हणजे कानडीत पुरे. आक्कांना एकदा त्यांना थोडं जास्त वाढावंसं वाटलं, मी पाहत होते, त्यांनी पळी परत बुडवली. अप्पांनी मान हलवली आणि आक्कांनी पळी तशीच आंबिलीत सोडून दिली.

मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. माणसाला वाचवायचं म्हणून त्याला झिजवायचं, हा कुठला न्याय? पण पटत नसलं तरी सकाळी उठून मी पहिल्यांदा पोत्याकडं बघायची, आज किती झालं म्हणून. एकदा मी आक्कांना विचारलं, “अप्पांना एकदा उचलून तरी बघा. जमतंय का कळेल.”

 आक्का हळू आवाजात म्हणाल्या, “आन न्हाय पेललं तर? त्यास्नीबी कळंल की.” इतक्या वर्षांत कसल्याही प्रसंगाची तालीम केल्याशिवाय न राहणारी ही बाई, पण ही एक तालीम करायचं धाडस तिला झालं नाही.

भादव्यातली एक सकाळ होती, नुकतं उजाडलेलं. पावसाची भुरभुर चालू. शेजारच्या गावाकडून माणसं पळत आली, अंगावरच्या कपड्यानिशी, आणि त्यांच्यामागं क्षितिजावर धूर दिसत होता. या वेळी मेंढरं नव्हती. यजमानांनी मुलीला उचललं, मी गठुडं घेतलं आणि सोप्यात आले. आक्का बाजेकडं पाठ करून उकिडव्या बसल्या होत्या. मी अप्पांना धरून त्यांच्या पाठीवर सरकवलं आणि त्या सांगतील तशी लुगड्याची गाठ आवळली. अप्पांच्या बरगड्या माझ्या हाताला लागत होत्या.

पहिल्या झटक्याला आक्का उठल्या नाहीत. गुडघ्यावर आल्या आणि परत बसल्या. अप्पांनी डोळे मिटून घेतले. यजमान पुढं झाले तशा आक्का म्हणाल्या, “मास्तर, तुमी लेकरू धरा.” आक्कांनी बाजेचा पाय एका हातानं धरला, आणि पुन्हा उठल्या. या वेळी उभ्या राहिल्या.  दारातून निघताना मी खुंटीवरच्या त्यांच्या गठुड्याकडं हात केला तर म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ द्या. आता येवढंच उचलतंय.”

त्या वाटेबद्दल मी फार सांगत नाही. काळ्या चिखलात पाय रुतत होते, चपला कधीच गेल्या. आक्का अप्पांना खाली ठेवत नव्हत्या, कारण एकदा ठेवलं तर पुन्हा उचलणं होईल याचा भरवसा नव्हता. बांध दिसला की त्याला पाठ लावून उभ्या राहायच्या, अप्पांचा भार बांधावर टेकवायच्या, दम घ्यायच्या आणि पुन्हा चालायच्या. मान इतकी वाकलेली की समोरचं त्यांना दिसतच नव्हतं. वाट अप्पा सांगत होते. “डावीकडं. हितं निसरडं हाय. आता दगड. आता सरळ.” आम्ही पुढं गेलो की मागून तो जड आवाज येत राहायचा, आणि तो येतोय म्हणजे दोघं चालतायत असं आम्ही समजायचो. ओढ्याला पाणी होतं, तिथं तेवढा यजमानांनी मागून आधार दिला. मी मागं वळून धुराकडं बघत होते. आक्कांना मागं वळताच येत नव्हतं.

पलीकडं पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. हद्दीपलीकडच्या गावानं आम्हाला धर्मशाळेत जागा दिली. बायका टोपल्या भरून गरम भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या. आक्का अप्पांना खाली ठेवून तिथंच भुईवर आडव्या झाल्या, त्यांना पाठ सरळ करता येत नव्हती. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी माझा सगळा राग तिथल्या तिथं विसरले. जिंकली होती बाई. मी अप्पांना भाकरी दिली. त्यांनी चतकोर खाल्ली आणि ताट सरकवलं. आम्हाला वाटलं, दगदग झाली आहे, उद्या खातील.

दुसऱ्या दिवशीही चतकोर. तिसऱ्या दिवशी तेवढंही गेलं नाही.

मग थोड्याच दिवसांत निजामाचं राज्य गेल्याची खबर आली. धर्मशाळेत माणसं नाचली, रडली, एकमेकांच्या तोंडात गूळ घातला. हद्द उरली नाही, नाका उरला नाही. आक्कांचा पुतण्या कुठूनसा गाडी घेऊन आला आणि तिच्यात कडब्यावर घोंगडी अंथरून अप्पांसाठी मऊ जागा केली. घरी जायचं होतं. त्या सकाळी आक्कांनी गावातल्या एका बाईची चूल मागून घेतली आणि स्वतःच्या हातानं एक भाकरी थापली. कडक नव्हे, मऊ, फुगलेली. ती दुधात कुस्करली, वर गूळ घातला आणि अप्पांपुढं बसल्या.

अप्पांनी दोन घास घेतले आणि डावा हात आडवा धरला. “साकु.”

“आता साकु म्हनू नगा,” आक्का म्हणाल्या. “आता गाडी हाय. बैलं वढनार हायत. मला न्हाय उचलायचं.”

अप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि आणखी एक घास घेतला. तो तोंडात बराच वेळ घोळवला. गिळला, आणि लगेच तो परत आला. आक्कांनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

“म्याच कमी वाढत व्हते ना, आता म्याच सांगते. खावा. वाटंल तेवढं खावा.”

“खातोय की,” अप्पा म्हणाले. “जात न्हाय गं.”

बाहेर पुतण्या बैल जुंपत होता, घुंगरं वाजत होती. आक्का वाटी हातात धरून बसल्या होत्या. जन्मभर सगळ्या गावाला काय करायचं ते सांगणारी ती बाई माझ्याकडं वळली आणि म्हणाली, “मास्तरीणबाई, तुमी सांगा की यास्नी. तुमी देत व्हता न्हवं खायला? तुमचं तरी ऐकतील.”

मी वाटी घेतली, जवळ बसले आणि एक घास अप्पांच्या ओठांशी नेला. अप्पांनी माझं कधीच ऐकलं नव्हतं. जन्मभर ते एकाच बाईचं ऐकत आले होते, आणि तिचं “उचलंल तेवढंच आपलं” आता त्यांच्या आतड्यांनीही ऐकलं होतं.